वहिनीच्या भांड्यातला कंगवा

वहिनी आमच्या घरी आली ती दोन घोड्यांच्या रथातून, आणि आईच्या मते पहिल्या दिवसापासून त्या घोड्यांनीच घरात जास्त जागा अडवली.

नवरीचे घोडे लगेच परत पाठवत नाहीत. ते तीन महिने सासरच्या तबेल्यात राहतात. मग नवरी कुलमंदिरात जाते, माहेरच्यांनी दिलेल्या भांड्यात स्वतः शिजवलेलं अन्न पूर्वजांपुढे ठेवते, आणि पूर्वजांनी तिला पदरात घेतलं की घोडे माहेरी रवाना होतात. रथ तेवढा राहतो. पूर्वजांनी घेतलं नाही, तर घोडे जुंपायला तयार असतातच.

त्यामुळे त्या तीन महिन्यांत घोडा हा शब्द आमच्या घरात साधा राहिला नव्हता.

"सूनबाई, घोड्यांना वैरण घातलीस ना?" कालवण जरा खारट झालं की आई विचारायची. "नाही, लांबचा रस्ता आहे त्यांना, म्हणून म्हटलं."

"घातली, सासूबाई," वहिनी म्हणायची. "पण इथलं खाऊन इतके जड झालेत की चढ चढवेल असं काही वाटत नाही."

शुओदादा खाली मान घालून जेवत राहायचा. तो रोज सकाळी त्या घोड्यांना स्वतः खरारा करायचा. त्याला बायको आवडली होती आणि घोडेही आवडले होते. एक राहिली तर दुसरे जाणार, याचं त्याला मनापासून वाईट वाटत होतं.

मी या घरातली सगळ्यात लहान, म्हणून सगळे मला धाकटी म्हणतात. मला वहिनी पहिल्या दिवसापासून आवडली. एक तर ती आईला उत्तर द्यायची आणि तरीही आई तिच्यावर खऱ्या अर्थाने चिडायची नाही. दुसरं म्हणजे तिच्याकडे तिच्या वडिलांनी दिलेलं, वाफेवर शिजवायचं काशाचं भांडं होतं, तागाच्या कापडात गुंडाळलेलं, आणि मंदिराच्या दिवसापर्यंत ते उघडायचं नव्हतं. तीन महिने मी त्या गाठोड्याकडे बघत होते. बाहेरून हात लावून मला एवढंच कळलं होतं की खालच्या भागाला तीन जाड पाय आहेत आणि टिचकी मारली की ते पाय पोकळ वाजतात.

मंदिराचा दिवस पौर्णिमेनंतरचा ठरला होता. चंद्र अर्धा झाला तेव्हा आईने परवानगी दिली. "काढा बाहेर आणि राखेने घासा. पूर्वजांना भांड्यात तोंड दिसलं पाहिजे."

आम्ही ते अंगणात तुतीच्या झाडाखाली उघडलं. नवं कांसं मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते. आमची मंदिरातली भांडी काजळीने काळी झालेली असतात. हे पिकलेल्या जर्दाळूच्या रंगाचं होतं. खाली पाणी तापवायचा भाग, त्याचे पाय वर जाऊन पोटात मिळालेले, आणि त्याच्यावर राळ्याचं बारीक धान्य शिजवायचा उंच भाग. दोन्हींच्या मध्ये भोकं पाडलेली जाळी, तिला बिजागरी, म्हणजे ती उचलून खाली पाणी ओतता येईल.

"पाय पोकळ का ठेवले असतील?" मी विचारलं.

"तांबं वाचवायला," वहिनी म्हणाली.

"तांबं वाचवायचं तर पाय बारीक केले असते. मला वाटतं पाणी पायांत उतरतं. मग जाळ पाण्याच्या खालीही लागतो आणि तिन्ही बाजूंनीही लागतो. सपाट बुडाच्या भांड्यापेक्षा हे आधी उकळत असणार."

"तू याच्याशी लग्न कर," वहिनी म्हणाली आणि माझ्या हातात राख दिली.

मी आतून घासायला घेतलं. वरच्या भागाच्या आतल्या बाजूला, काठाच्या थोडं खाली, बोटांना अक्षरं लागली. मला अक्षरं येतात. मोठ्या काकांनी शिकवली. काका आमच्या कुलमंदिराचे पुरोहित. त्यांना आता नीट दिसत नाही, म्हणून ते भांड्यावरचा लेख बोट फिरवून वाचतात. कुठल्याही नव्या भांड्यात अन्न शिजण्याआधी त्याचा लेख पूर्वजांना मोठ्याने वाचून दाखवायचा असतो, म्हणजे त्यांना कळतं की कोण आलं आहे आणि कोणाचं अन्न आपण खातो आहोत. काका चुकीचं वाचत नाहीत. पूर्वजांसमोर तर नाहीच नाही.

मी राख पुसली आणि वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"वहिनी, तुझं गोत्र ज्यांग ना?"

"नाहीतर काय? तुमचं जी, आमचं ज्यांग. नाहीतर लग्न कसं झालं असतं? सगोत्र झालं असतं."

"म्हणजे तुझ्या अक्षरात खाली बसलेली बाई आणि तिच्या डोक्यावर मेंढीची शिंगं."

"हो. बाबा शिक्का उठवायचे ना, मला ती शिंगं फार आवडायची."

"इथे शिंगं नाहीत," मी म्हणाले. "इथे बाईच्या शेजारी कंगवा आहे."

वहिनीला वाचता येत नव्हतं, पण कंगवा कोणाचा हे तिला माहीत होतं. आमच्या दारावर, आमच्या रथाच्या जोखडावर आणि आमच्या सगळ्या भांड्यांवर तो आहे. बसलेली बाई आणि कंगव्यासारखी एक आकृती, म्हणजे जी. मी तिला सगळा लेख वाचून दाखवला, कारण तिने तसं सांगितलं. लेख छोटाच होता. 'धाकट्या जी-कन्येसाठी हे मौल्यवान भांडं केलं. पुत्रपौत्रांनी ते सदैव वापरावं.'

तिने लेखावरून स्वतः बोट फिरवून पाहिलं.

"म्हणजे काका पूर्वजांना सांगणार की तुमच्या घरात तुमचीच मुलगी सून होऊन आली."

"हो."

"आणि पूर्वज?"

सगोत्र लग्नाबद्दल पूर्वजांचं काय मत आहे, हे आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत आहे. तबेल्यात एक घोडा खिंकाळला आणि वहिनी त्याच्याकडे अशा नजरेने बघू लागली की जणू त्यानेच ते अक्षर कोरलं होतं.

"मला जायचं नाही गं," ती म्हणाली. थट्टा न करता तिने मनातलं सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. "तुझा भाऊ मला झोपेत पांघरूण घालतो. मला इथे राहायचंय."

आम्ही ठरवलं की आईला सांगायचं नाही. आधी काहीतरी करून बघायचं.

माझी पहिली कल्पना साधी होती. राळ्याची खळ करायची, तिच्यात काजळी आणि मध घालायचा, कंगव्याच्या खाचा बुजवायच्या आणि शिंगं वरून टोकदार हत्याराने कोरायची. खळ मी तीन प्रकारची केली. सगळ्यात घट्ट ती वाळल्यावर दगडासारखी झाली. बोट फिरवलं तर कांसं कुठे संपतं आणि खळ कुठे सुरू होते ते मलाही कळेना. मी खूश झाले.

"पण काका वाचून झाल्यावर लगेच राळे शिजवायचे," वहिनी म्हणाली. "आणि शिजवून झाल्यावर काका पुन्हा एकदा बोट फिरवून बघतात ना? भांडं तेच आहे म्हणून."

"मग वाफेवर तपासून बघू."

"मंदिराच्या आधी त्यात शिजवायचं नाही."

"पाणी उकळणं म्हणजे शिजवणं नव्हे," मी म्हणाले, आणि आम्ही ते मागच्या अंगणात चुलीवर चढवलं. पायांबद्दल माझं म्हणणं बरोबर निघालं. पाणी फार लवकर उकळलं. खळीबद्दलचं चुकलं. वाफ लागली तशी ती फुगली, मऊ झाली आणि कंगवा अख्खाच्या अख्खा निघून जाळीवर पडला. वहिनीने तो चिमटीत उचलला, बघितला आणि तोंडात टाकला.

"गोड आहे," ती म्हणाली. "सासूबाई म्हणतील, हिला खळसुद्धा बेताची गोड करता येत नाही."

दुसऱ्या दिवशी शुओदादाला सांगावंच लागलं, कारण ओताऱ्याकडे जायचं तर गाडी त्याची. भांडं ओतलं होतं आमच्याच भागात, डोंगराच्या पायथ्याशी. वहिनीच्या वडिलांनी मागणी पाठवली होती आणि भांडं ओताऱ्याकडून थेट आमच्याकडे आलं होतं. वाटेत कोणी ते उघडून बघायचा प्रश्नच नव्हता.

दादाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे घोडे राहणार?"

"घोडे माझ्यासकट जाणार," वहिनी म्हणाली.

"अरे," दादा म्हणाला आणि गाडी जुंपायला गेला.

ओतारी म्हणजे एक गोल चेहऱ्याचा, फार बोलका माणूस. त्याच्या अंगणात मातीचे साचे सावलीत वाळत ठेवले होते. त्याने भांडं उलटं केलं, आत डोकं घातलं आणि आतूनच बोलला. त्याचा आवाज घुमला.

"लेख सुंदर आलाय."

"लेख चुकलाय," मी म्हणाले.

"सुंदर आलाय आणि चुकलाय." त्याने डोकं बाहेर काढलं. "कसं आहे बघा. भांड्यात अक्षर खोलगट यायचं तर आतल्या मातीच्या गाभ्यावर ते उठावाचं करावं लागतं, आणि तेही उलटं, आरशातल्यासारखं. दिवसभर उलटी अक्षरं करून माणसाचं डोकं फिरतं, मग हातच काम करतो. आणि या मैदानात ज्या बापाला मुलीचं भांडं हवं असतं, तो जी-गोत्री असतो. हाताला कंगव्याचीच सवय. शिंगं मी वर्षातून एकदा करतो की नाही."

"मग आता शिंगं करा," दादा म्हणाला. "कंगवा बुजवा."

"कशाने? वितळलेलं कांसं ओतलं तर ठिगळ दिसेल. हातोडीने ठोकून मिटवायला गेलो तर तडा जाईल, यात कथील आहे, ते भांडं कडक करतं. नवं ओतायचं तर साचा वाळायलाच पुढचा चंद्र लागेल. घाईने ओल्या साच्यात ओतलं तर वाफ कोंडते आणि साचा फुटतो. मागच्या वर्षी माझी एक भुवई गेली."

आम्ही तिघांनी त्याच्या भुवयांकडे पाहिलं. खरंच एक पातळ होती.

"मग उपाय काय?" दादाने विचारलं.

ओताऱ्याने भांडं कापडाने प्रेमाने पुसलं. "भांडं बदलता येत नाही," तो म्हणाला. "नवरी बदला."

दादा गाडीतून चाबूक आणायला निघाला होता. वहिनीने त्याची बाही धरली. ती हसत होती, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ओतारी गडबडला. शिंगं असलेलं नवं भांडं फुकट ओतून देतो, असं तो दोनदा म्हणाला, पण पुढच्या चंद्राला.

परत येताना मी मनात सगळ्या शक्यता लावून बघत होते. मंदिराचा दिवस पुढे ढकलायचा तर कारण सांगावं लागणार, आणि काकांसमोर कारण म्हणजे खरं कारण. दुसऱ्याचं भांडं वापरायचं तर त्यावर दुसऱ्याचं नाव. लेख नसलेल्या मातीच्या भांड्यात शिजवायचं तर पूर्वजांना कळणारच नाही की कोण आलं. जिकडे जावं तिकडे तबेला लागत होता.

आई दारातच उभी होती. तिच्या हातात माझी खळीची वाटी होती.

"मध कोणी संपवला ते विचारत नाही," ती म्हणाली. "काजळी घालून कोणी खातं का, तेवढं सांगा."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी वहिनीकडे बघितलं. वहिनीने भांडं खाली ठेवलं, कापड सोडलं आणि म्हणाली, "सासूबाई, यात कंगवा आहे."

आईने आत हात घातला. तिलाही वाचता येत नाही. पण तिची बोटं काठाखालून सरळ त्या अक्षरावर गेली आणि तिथे थांबली. ती बाईच्या डोक्यावर काहीतरी शोधत होती. तिथे काही नव्हतं. मग बोट शेजारच्या कंगव्यावरून फिरलं, दात मोजल्यासारखं.

"शिंगं कुठायत?" तिने विचारलं.

मी सगळं सांगितलं. ओताऱ्याचं शेवटचं वाक्य गाळलं, पण दादाने ते सांगितलंच, कारण तो अजून चिडलेला होता. आई ऐकत राहिली. मला वाटलं, आता घोड्यांचं काहीतरी येणार. वहिनीलाही तसंच वाटलं असावं, कारण ती मान खाली घालून वाट बघत होती.

"हिला एवढ्या लांबून आणलं," आई दादाला म्हणाली, "आत्ता कुठे हिचं कालवण तोंडात घालण्यासारखं व्हायला लागलंय, आणि तो मेला म्हणतो नवरी बदला. पुढची आली की मी पुन्हा पहिल्यापासून खारट खायचं?"

मग ती तिच्या खोलीत गेली. आम्हाला पेटारा सरकवल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या कुशीत एक वाफेचं भांडं होतं. काळं, एका कानाला पोचा आलेलं, वहिनीच्या भांड्यापेक्षा बुटकं. बाबा होते तोवर मंदिरातला राळ्यांचा भात ती त्यातच करायची. नंतर ते तिने पेटाऱ्यात ठेवून दिलं होतं आणि कोणाला हात लावू देत नव्हती.

"वाच," तिने मला सांगितलं.

मी हात घातला. काजळी खूप होती, पण खाली अक्षरं होती. बसलेली बाई. तिच्या डोक्यावर दोन शिंगं, झिजून गुळगुळीत झालेली.

"'ज्यांग-कन्येसाठी हे मौल्यवान भांडं केलं,'" मी वाचलं. "थोरली की धाकटी, ते नाही लिहिलं."

"मी एकटीच होते," आई म्हणाली. "लिहिणार काय?"

आई ज्यांग-गोत्री आहे हे मला जन्मापासून माहीत होतं. आमच्या गोत्रातले लोक पिढ्यान्‌पिढ्या ज्यांगांच्याच मुली करतात. वहिनीचं गोत्र आणि आईचं गोत्र एक, हेही माहीत होतं. मग सगळ्या शक्यता लावून बघताना ही एक कशी राहिली? पुढे मी यावर विचार केला. मला वाटतं, 'दुसऱ्याचं भांडं' म्हणताना मी आईला दुसऱ्यांत धरलंच नव्हतं.

"पण सासूबाई, हे तुमचं आहे," वहिनी म्हणाली.

"भांड्यात लिहिलंय ज्यांग-कन्येसाठी. तू कोण आहेस?"

"ज्यांग-कन्या."

"मग घास. आतून नको जास्त, शिंगं आधीच झिजलीत."

मंदिराच्या दिवशी सकाळी वहिनीने पाय धुतले, केस बांधले आणि काळं भांडं घेऊन काकांसमोर बसली. आम्ही मागे उभे होतो. काकांनी दारूचा शिंतोडा जमिनीवर टाकला आणि हात भांड्यात घातला. बोट अक्षरांवरून हळू हळू सरकत गेलं आणि शिंगांशी थांबलं. मग ते मागे आलं, काठावर गेलं आणि पोचा आलेल्या कानावर टेकलं.

काकांनी हेच भांडं आईच्या वेळी वाचलं होतं. तेव्हा ते तरुण होते आणि डोळ्यांनी वाचत होते, पण त्यानंतर किती वर्षं त्याच्यातला भात त्यांनी पूर्वजांपुढे ठेवला होता.

"वहिनी," ते म्हणाले. ते आईला तसंच म्हणतात. "हे भांडं मला ओळखीचं लागतंय."

"लागणारच, भावोजी," आई म्हणाली. "तो पोचा तुम्हीच पाडलाय. मामंजींच्या श्राद्धाला."

"मी नाही पाडला. भांडं निसटलं."

"जे लिहिलंय ते वाचा. एक अक्षर कमी नको, एक जास्त नको. खोटं काही असेल तर आत्ता सांगा."

काका विचार करत राहिले. त्यांचं बोट शिंगांवर होतं. वहिनीचा श्वास मला ऐकू येत होता. खोटं खरंच काही नव्हतं, मी ते आधीच पडताळून बघितलं होतं. ज्यांग-कन्या समोर बसली होती. भांडं मौल्यवान होतं. आणि पुत्रपौत्रांनी ते सदैव वापरावं असं पुढे लिहिलं होतं, तर पुत्राच्या बायकोने ते वापरायचं नाही असं कुठे म्हटलं होतं?

काकांनी घसा साफ केला आणि पूर्वजांकडे तोंड केलं.

"ज्यांग-कन्येसाठी हे मौल्यवान भांडं केलं. पुत्रपौत्रांनी ते सदैव वापरावं," ते मोठ्याने म्हणाले. मग जरा थांबून, लेखात नसलेलं पण त्यांना आवश्यक वाटलेलं एवढंच बोलले, "ज्यांग-कन्येसाठी, पुन्हा एकदा."

वहिनीने राळे शिजवले. जुन्या भांड्याचे पायही पोकळच होते आणि पाणी लवकर उकळलं. भात मोकळा झाला, दाणा दाणा वेगळा. तिने तो पूर्वजांपुढे ठेवला, आम्ही सगळे वाकलो, आणि मग बराच वेळ काहीच झालं नाही. पूर्वजांना काही हरकत असली की काहीतरी होतं, असं म्हणतात. बाहेर कोंबडा आरवला. तोच काकांनी होकार मानला.

दुपारी दादा घोड्यांना घेऊन फाटकापर्यंत गेला. त्याने दोघांच्या मानेवर हात ठेवून काहीतरी सांगितलं. ते काय होतं हे त्याने कधीच सांगितलं नाही. वहिनीच्या माहेरचा माणूस त्यांना घेऊन टेकडीपलीकडे दिसेनासा झाला. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून उरलेला भात खात होती आणि रडत होती आणि मध्येच हसत होती.

"सूनबाई," आई आतून म्हणाली, "भातात मीठच नाही."

"आता परत पाठवायला घोडे नाहीत, सासूबाई."

"म्हणून बोलतेय. आता मनमोकळं बोलता येईल."

जर्दाळूच्या रंगाचं नवं भांडं अजून अंगणात तुतीखालीच होतं. आईने ते उचललं, राख फुंकली आणि माझ्या मांडीवर आणून ठेवलं.

"धाकट्या जी-कन्येसाठी," ती म्हणाली. "या घरात तशी एकच आहे. एक अक्षर चुकीचं नाही. ओताऱ्याला मी उगाच शिव्या दिल्या."

मला कळायला जरा वेळ लागला. मग मी भांडं खाली ठेवायला गेले, पण ते जड होतं आणि वहिनीने ते दुसऱ्या बाजूने घट्ट धरून ठेवलं होतं.

"शिंगवाल्यांत एक मुलगा आहे," ती म्हणाली. "माझा मावसभाऊ. सारखा विचारत असतो, हे असं का आणि ते तसं का. घरचे कंटाळलेत त्याला."

"मला नको कोणी."

"त्याने एकदा सपाट बुडाच्या आणि पायांच्या भांड्यात एकाच वेळी पाणी उकळायला ठेवलं होतं."

आई दारातून आमच्याकडे बघत होती आणि हातातलं काम करत नव्हती.

"कोणतं आधी उकळलं?" मी विचारलं.

"ते मला नाही सांगितलं," वहिनी म्हणाली. "तूच विचार."